पाच अंशांचा हिशेब

दुधाला विरजण लावायचंय आणि दूध अजून कढत आहे, अशा वेळी घरोघरी एकच युक्ती चालते. परातीत गार पाणी घ्यायचं आणि पातेलं त्यात ठेवून द्यायचं. दहा-पंधरा मिनिटांत दूध कोमट होतं, परातीतलं पाणीही कोमट होतं. दूध पाण्यात मिसळलेलं नसतं, फक्त त्यातली उष्णता पातेल्याच्या पत्र्यातून पलीकडे गेलेली असते. हीट एक्स्चेंजर म्हणजे हेच. मोटारीचा रेडिएटर, फ्रिजच्या मागची काळी जाळी, साखर कारखान्यातले ज्यूस हीटर, डेअरीतलं पाश्चरायझरचं प्लेटांचं यंत्र, सगळे त्या परातीच्याच गोतावळ्यातले. फरक इतकाच, की तिथे दोन्ही बाजूंचे द्रव किंवा वायू थांबून राहत नाहीत, वाहत असतात.

आता समजा, पातेल्यावर झाकण आहे आणि ते उघडायची परवानगी नाही. मालक सांगतो, आत नव्या प्रकारची भट्टी आहे, ती विजेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता देते, खात्री करून घ्या. आपण काय करू? परातीतल्या पाण्यावर नजर ठेवू. ते किती तापलं यावरून आत काय चाललंय ते ताडू. ऊर्जेच्या प्रयोगांत हीट एक्स्चेंजरला असंच साक्षीला उभं केलं जातं, आणि कागदावर तरी त्याची साक्ष फार सोपी असते.

एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात. म्हणून दर सेकंदाला किती किलो पाणी वाहिलं, गुणिले ४.१९, गुणिले ते किती अंशांनी तापलं, की उत्तर थेट किलोवॉटमध्ये मिळतं. घरातल्या ३ किलोवॉटच्या इन्स्टंट गीझरमधून मिनिटाला २ लिटर पाणी सोडलं, तर ते साधारण साडेएकवीस अंशांनी तापतं. करून बघा, स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरनेही जवळपास जमतं. तीन आकड्यांपैकी ४.१९ हा पुस्तकातला. उरलेले दोन आपण मोजायचे, पाण्याचा प्रवाह आणि तापमानातला फरक. सगळं रामायण या दोघांत घडतं, आणि त्यातही जास्त दुसऱ्यात.

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये हा प्रयोग प्रत्येकाने केलेला असतो. नळीच्या आत नळी, आतून गरम पाणी, बाहेरून गार. गरम पाण्याने दिलेली उष्णता आणि गार पाण्याने घेतलेली उष्णता सारखी यायला हवी. थोडी हवेत जाते, म्हणून घेतलेली किंचित कमी असावी. आमच्या बॅचची ती नेहमी जास्त यायची. म्हणजे कोणाला शंभर रुपये उसने द्यावेत आणि त्याच्या खिशात त्याच नोटांचे एकशे वीस निघावेत, तसं. सर जर्नल तपासायचे त्याच्या आदल्या रात्री आम्ही रीडिंग 'जमवायचो' आणि हिशेब अठ्ठ्याण्णवावर आणून ठेवायचो. आता कारखान्यांत ऊर्जा-तपासणीचं काम करताना वाटतं, त्या जास्तीच्या वीस रुपयांचा माग काढला असता तर सहा महिन्यांचा विषय एका दुपारी कळला असता.

असाच माग जगभरातल्या शेकडो लोकांनी एकदा काढला. प्रयोगशाळेच्या जर्नलपेक्षा तिथे पणाला बरंच जास्त लागलेलं होतं.

गोष्ट इटलीतल्या बोलोन्याची, वर्ष २०११. आंद्रेआ रॉसी नावाच्या उद्योजक-संशोधकाने बोलोन्या विद्यापीठातले निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ सर्जो फोकार्डी यांच्या साथीने जानेवारीत एक यंत्र दाखवलं. नाव ई-कॅट. आत निकेलची पूड आणि हायड्रोजन, बाहेरून थोडी वीज, आणि दावा असा की घातलेल्या विजेच्या अनेक पट उष्णता बाहेर येते. हे ऐकून जुन्या लोकांना १९८९ आठवलं. त्या वर्षी २३ मार्चला अमेरिकेच्या युटा राज्यात फ्लाइशमन आणि पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी टेबलावरच्या काचेच्या भांड्यात अणुसंमीलन, म्हणजे अणुगर्भ एकत्र येऊन ऊर्जा निघणं, घडवल्याचं जाहीर केलं होतं. तेव्हा आपल्या ट्रॉम्ब्यालाही भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अनेक गटांनी तातडीने हे प्रयोग करून पाहिले होते, पण त्यांचा भर उष्णतेपेक्षा न्यूट्रॉन आणि ट्रिशियम या संमीलनाच्या खुणा शोधण्यावर होता. एका अर्थी ती शहाणपणाची निवड म्हणायची, कारण उष्णता मोजणं दिसतं त्याहून निसरडं काम आहे. युटाच्या प्रयोगावर आलेल्या आक्षेपांतला एक तर अगदी साधा होता. भांड्यातलं पाणी नीट ढवळलं गेलं होतं का? नसेल तर थर्मामीटर जिथे बुडवला तिथलंच तापमान दाखवणार, भांड्याचं नाही.

रॉसींच्या सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांत हीट एक्स्चेंजर नव्हताच. यंत्रात पाणी जायचं, वाफ बाहेर यायची, आणि जितकं पाणी आत गेलं तितक्या सगळ्याची कोरडी, म्हणजे पाण्याचा थेंबही नसलेली, वाफ झाली असं धरून हिशेब व्हायचा. यातली गंमत आकड्यांत बघा. २० अंशांचं एक किलो पाणी १०० अंशांवर न्यायला ३३५ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी २२५७. म्हणजे सगळ्याची वाफ झाली आणि नुसतंच उकळतं पाणी बाहेर पडलं, या दोहोंत पावणेआठ पटींचा फरक. थर्मामीटर दोन्हीकडे १०० दाखवणार! म्हणून वाफेत पाण्याचे थेंब किती आहेत हे कळायलाच हवं. त्यासाठी वापरलं गेलं हवेतलं बाष्प मोजणारं आर्द्रतामापक. ते उपकरण वायुरूपातलं पाणी मोजतं, वाफेबरोबर उडत आलेले थेंब त्याला दिसत नाहीत. ढगात उभं राहून पाऊस मोजायला घड्याळ लावण्यासारखं झालं हे.

भर म्हणून आकारमान आणि वजन यांचा गोंधळ. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर, आणि एक किलो वाफ म्हणजे साधारण १६७० लिटर. समजा पाइपमध्ये आकारमानाने फक्त एक टक्का पाणी आहे, बाकी नव्याण्णव टक्के वाफ. ऐकायला जवळपास कोरडी वाटते. वजन केलं तर शंभर लिटरच्या त्या मिश्रणात पाणी भरतं जवळजवळ एक किलो आणि वाफ जेमतेम साठ ग्रॅम.

टीका वाढली तेव्हा हीट एक्स्चेंजर आला, आणि तो योग्यच उपाय होता. वाफ किती कोरडी या वादात पडायचंच नाही. ती ओली असो की कोरडी, तिला एक्स्चेंजरच्या एका बाजूने जाऊ द्यायचं, दुसऱ्या बाजूने गार पाणी सोडायचं, आणि ते पाणी किती तापलं एवढंच मोजायचं. कल्पनेत काहीही चूक नाही. मीसुद्धा हेच सुचवलं असतं.

६ ऑक्टोबर २०११ ला बोलोन्यात ही चाचणी झाली. स्वीडनच्या 'न्यू टेक्निक' या तंत्रविषयक नियतकालिकाचे पत्रकार मॅट्स लेवान तिथे हजर होते आणि त्यांनी आकड्यांसकट अहवाल लिहिला. त्यामुळे आज त्यावर बोलता येतं. यंत्र सुमारे शंभर किलोचं. साधारण चार तास विजेने तापवलं, मग तापवणारी वीज बंद केली, आणि पुढे तीन तासांहून जास्त वेळ ते आपलं आपण चालू राहिलं असा दावा. दुसऱ्या बाजूच्या गार पाण्याचा प्रवाह ताशी सुमारे ६०० लिटर. पाणी तापत होतं सुमारे पाच अंशांनी.

गुणाकार करू. ताशी ६०० म्हणजे सेकंदाला एक षष्ठांश किलो. गुणिले ४.१९, गुणिले ५. उत्तर साडेतीन किलोवॉट. वीज बंद असताना साडेतीन किलोवॉट, तेही तीन तास! खरं असेल तर नोबेल कमी पडेल.

पण तो 'पाच' आला कुठून?

हीट एक्स्चेंजर दोन तऱ्हांनी चालवता येतो. गरम आणि गार दोन्ही प्रवाह एकाच दिशेने, किंवा एकमेकांसमोरून. समोरासमोरचा जास्त चांगला, कारण गार पाणी जाता जाता जास्त जास्त गरम द्रवाला भेटत जातं आणि शेवटपर्यंत उष्णता घेत राहतं. डेअरीत, कारखान्यात शक्यतो हाच प्रकार असतो. मात्र त्यामुळे गार पाणी ज्या तोंडातून बाहेर पडतं, त्याच्या अगदी शेजारी गरम द्रव आत शिरण्याचं तोंड येतं. एका अंगाला १०० अंशांहून जास्त तापलेली वाफ आत जातेय, आणि काही सेंटिमीटरवर तिशीच्या आसपासचं पाणी बाहेर पडतंय. मधे सलग धातू.

बोलोन्यात बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा थर्मोकपल नेमका तिथे होता. तो पाण्यात बुडवलेला नव्हता, वाफेच्या प्रवेशाजवळच्या धातूला टेकवून वरून इन्सुलेशन गुंडाळलेलं होतं. अहवालातले फोटो आल्यावर यावरच सर्वांत जास्त चर्चा झाली.

धातूला टेकवलेला थर्मोकपल धातूचं तापमान सांगतो. आतून पाणी वाहतंय म्हणून धातू बहुतांशी पाण्याच्याच तापमानाचा असतो हे खरं, पण शेजारच्या वाफेची थोडी ऊब धातूतून सरकत येतेच. किती येते हे जोडणीचा आकार, धातूची जाडी, पाण्याचा वेग यांवर ठरतं आणि बाहेरून बघून सांगता येत नाही. समजा फारच थोडी आली. वाफ आणि पाणी यांत ७५ अंशांचं अंतर आहे, त्याच्या फक्त दोन टक्क्यांइतका थर्मोकपल वाफेकडे झुकला. म्हणजे दीड अंश. रोजच्या कामात दीड अंशाला कोण विचारतो? इथे मात्र अख्खा फरकच पाच अंशांचा आहे. दीड अंश म्हणजे त्यातला तीस टक्के. पाच टक्क्यांनी झुकला तर पावणेचार अंश, आणि साडेतीन किलोवॉटमधलं एक किलोवॉटही धड उरत नाही.

मी असं म्हणत नाही की तो तेवढा झुकला होता. तो किती झुकला होता हे त्या मांडणीतून कळायचा मार्गच नव्हता, आणि आक्षेप तेवढाच होता.

थर्मोकपलबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण हा बिचारा सगळीकडे असतो आणि त्याच्याकडून सगळे फार अपेक्षा ठेवतात. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या, की तापमानानुसार त्यांत अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं. नेहमीच्या के-प्रकारात एका अंशाला सुमारे चाळीस मायक्रोव्होल्ट. पाच अंशांचा फरक म्हणजे एका मिलिव्होल्टचा पाचवा हिस्सा. बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण दर्जाच्या के-थर्मोकपलला या तापमानांत अडीच अंश इकडेतिकडे व्हायची मुभा असते. एक अडीचने वर, दुसरा अडीचने खाली, असा दोघांचा योग जुळून आला, तर गार पाणी गारच असताना मीटर पाच अंश फरक दाखवेल. असं सहसा होत नाही, एकाच रिळातल्या तारा एकाच दिशेने चुकतात. पण 'सहसा' या शब्दावर नवी ऊर्जा उभी करता येत नाही.

भट्टीत ८०० अंश आहेत की ८०३, याने काही बिघडत नाही. थर्मोकपल त्या कामाचा. दोन जवळच्या तापमानांतला फरक हवा असेल तर पीटी-१००, म्हणजे प्लॅटिनमची तार, जिचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो. चांगल्या प्रतीचा पीटी-१०० तीस अंशांच्या आसपास पाव अंशाच्याही आत बरोबर असतो. युरोपात घरोघरी पाइपने गरम पाणी पुरवून त्याचं बिल लावतात, तिथल्या उष्णता-मीटरमध्ये असे दोन सेन्सर जोडी जुळवूनच बसवतात. ग्राहकाच्या पैशाचा प्रश्न आला की माणसं काळजी घेतात.

आता उपाय. मला या प्रकरणात सगळ्यात चटका लावतं ते हे, की उपाय जवळजवळ फुकट होते.

पहिला म्हणजे सेन्सर तिथून हलवणं. बाहेर पडणारं पाणी रबरी नळीतून अर्धा-एक मीटर पुढे जाऊ द्यायचं आणि तिथे सेन्सर थेट पाण्यात बुडवायचा. रबर उष्णता फारशी वाहून नेत नाही, धातूची चुगली तिथपर्यंत पोचत नाही. मधे दोन एल्बो, म्हणजे पाइपाचे काटकोनी जोड, टाकले तर आणखी बरं, कारण एक्स्चेंजरमधून निघालेलं पाणी सगळीकडे सारखं तापलेलं नसतं. पाइपच्या वरच्या अंगाला जास्त गरम, खाली कमी, असे थर असतात. एल्बोत ते घुसळलं जातं.

दुसरा उपाय त्याहून सोपा आहे, वॉल्व्ह पिळणं. गार पाणी ताशी ६०० लिटरऐवजी १०० लिटर सोडा. उष्णता तीच राहिली तर पाणी आता पाचऐवजी तीस अंशांनी तापेल. पंचवीसचं पंचावन्न होईल. दीड अंशाची चूक तशीच राहिली तरी आता ती तीसमधली पाच टक्के आहे. एक पैसा खर्च न करता अचूकता सहापट! प्रवाह मोठा ठेवण्याला एखादं कारण असू शकतं, वाफ पूर्ण थंड व्हावी वगैरे, पण दिवसभराच्या चाचणीत अर्धा तास प्रवाह कमी करून दाखवणं अवघड नव्हतं. किलोवॉटचा आकडा दोन्ही प्रवाहांना सारखाच आला असता तर टीकाकारांची बोलती बंद झाली असती.

तिसरा उपाय म्हणजे कोरा फेरा. मांडणी तीच ठेवायची, गूढ पदार्थ काढून टाकायचा किंवा हायड्रोजन भरायचाच नाही, आणि नुसत्या विजेच्या हीटरने यंत्र चालवायचं. वीज मोजणं सोपं असतं. अडीच किलोवॉट वीज घातली आणि एक्स्चेंजरच्या हिशेबाने अडीचच्या जरा खाली आकडा आला, तर साक्षीदार भरवशाचा. साडेतीन आला तर तो किती आणि कुठल्या दिशेने चुकतो हे कळलं, पुढे तेवढं वजा करायचं. आपल्याकडे वाणी आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो आणि मग तेल ओततो, तेच हे. बोलोन्यातल्या त्या दिवशी कोरा फेरा नव्हता.

प्रवाहाबद्दल थोडक्यात, कारण तिथे फार अवघड काही नाही. फ्लोमीटर महागडा असो वा स्वस्त, त्याला अधूनमधून बादलीसमोर उभं करावं. ताशी ६०० लिटर म्हणजे मिनिटाला दहा. वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरते. काट्यावर वजन, हातात घड्याळ. एक सेकंद इकडेतिकडे झालं तरी चूक एका टक्क्याच्या आत. चाचणीच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी हे केलं की झालं.

आणि एक गोष्ट साठवणीची. शंभर किलोचं यंत्र चार तास तापवल्यावर त्यात उष्णता साठलेली असणारच. गॅस बंद केल्यावर बिडाचा तवा एक-दोन भाकऱ्या आरामात भाजून देतो. त्याला आपण नवी ऊर्जा म्हणत नाही. शंभर किलो लोखंड शंभर अंशांनी निवलं तर साधारण सव्वा युनिट उष्णता देतं, म्हणजे साडेतीन किलोवॉट फक्त वीस-बावीस मिनिटं. एकट्या लोखंडाने तीन तास निभत नाहीत, हे रॉसींच्या बाजूने मान्य करायला हवं. पण आत नेमकं किती तापमान होतं ते माहीत नाही, आतलं उकळतं पाणीही उष्णता धरून असतं, आणि दाखवलेला आकडाच मुळात किती फुगलेला होता ते माहीत नाही. तीन अनिश्चित गोष्टींची बेरीज करून निश्चित उत्तर येत नाही. चाचणी आणखी बारा तास चालवली असती तर साठवणीचा प्रश्न आपोआप मिटला असता. साठलेलं संपतं, निर्माण होणारं संपत नाही.

पुढे हे प्रकरण अमेरिकेत गेलं. इंडस्ट्रियल हीट या कंपनीने तंत्रज्ञानाचे हक्क घेण्यासाठी रॉसींना १ कोटी १५ लाख डॉलर दिले, आणि वर्षभराची मोठी चाचणी यशस्वी झाली तर आणखी ८ कोटी ९० लाख द्यायचा करार होता. ती चाचणी २०१५-१६ मध्ये फ्लोरिडातल्या डोराल गावी एका गोदामात झाली. दावा १ मेगावॉट उष्णतेचा. कंपनीने पैसे द्यायला नकार दिला, एप्रिल २०१६ मध्ये रॉसी कोर्टात गेले. त्यामुळे मोजमापाचे कागद सार्वजनिक झाले, आणि माझ्यासारख्यांना महिनाभर वाचायला पुरले.

पाण्याचा प्रवाह सलग कित्येक दिवस रोज बरोबर ३६,००० किलो नोंदलेला. एक किलो वर नाही, एक खाली नाही. कंपनीच्या बाजूच्या अभियंत्याने लेखी प्रश्न विचारले, त्यात हाही होता. खऱ्या पंपावर, खऱ्या मीटरवर असा आकडा रोज येत नाही. माझ्या घरचं दुधाचं मापसुद्धा रोज इतकं सारखं नसतं. दुसरा प्रश्न फ्लोमीटरचा. तो बसवलेला पाइप पाण्याने पूर्ण भरलेला होता का? पाती फिरवून मोजणारा मीटर असं धरून चालतो की पाइप काठोकाठ भरलाय. अर्धा रिकामा असेल तर तो वाहिलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी सांगू शकतो.

आणि पुन्हा तोच वाफेचा प्रश्न. रोज ३६,००० किलो म्हणजे सेकंदाला ०.४२ किलोच्या आसपास. आत येणारं पाणी धरा ७० अंशांचं. सगळ्याची वाफ होत असेल तर हिशेब ९९० किलोवॉटच्या घरात जातो, म्हणजे १ मेगावॉट. तेच पाणी नुसतं १०० अंशांना तापून वाफ न होता पुढे सरकत असेल तर ५० किलोवॉटच्या वर फारसं जात नाही. मीटरवरचं तापमान दोन्हीकडे जवळपास सारखंच. २०११ चा प्रश्न २०१६ मध्ये वीसपटींचा फरक घेऊन परत आला.

मला मात्र सगळ्यात आवडला तो तिसरा प्रश्न. १ मेगावॉट उष्णता गेली कुठे? एवढी उष्णता म्हणजे ३ किलोवॉटचे तीनशेहून जास्त गीझर एका बंद गोदामात रात्रंदिवस चालू ठेवणं. आत माणसं काम करत होती. रॉसींचं उत्तर असं, की वरच्या माळ्यावर एक हीट एक्स्चेंजर बसवला होता, पंख्यांनी ती उष्णता खिडकीतून बाहेर फेकली जायची, आणि चाचणी संपल्यावर तो काढून टाकला. तज्ज्ञांनी दोन्ही बाजूंनी साक्षी दिल्या. सुनावणी सुरू झाली आणि जुलै २०१७ मध्ये दोघांनी तडजोड केली. हक्क रॉसींकडे परतले, पुढचे पैसे दिले गेले नाहीत. त्या माळ्यावरच्या एक्स्चेंजरमध्ये किती हवा, किती अंशांनी तापत होती, याचा निवाडा कोर्टाने केला नाही.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, आपला काय संबंध, आपण थोडीच अणुभट्टी मोजतोय. डेअरीचं उदाहरण घ्या. पाश्चरायझरमध्ये ४ अंशांचं गार दूध आत येतं, बाहेर जाणाऱ्या ७२ अंशांच्या तापलेल्या दुधाकडून प्लेटांमधूनच उष्णता घेतं आणि ६६ अंशांपर्यंत पोचतं. उरलेले सहा अंश तेवढे वाफेने किंवा गरम पाण्याने चढवायचे. ६८ पैकी ६२ अंश फुकट मिळाले, म्हणजे एक्स्चेंजर ९१ टक्के काम करतोय. सेन्सर एक अंशाने चुकला तर ९१ चे पावणेनव्वद होतील, कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत. पण वाफेचा खर्च ठरतो त्या उरलेल्या सहा अंशांवर. तिथे एक अंश म्हणजे सहावा हिस्सा, सतरा टक्के. 'प्लेटा साफ केल्यावर वाफेत पंधरा टक्के बचत' असं अहवालात वाचलं की मी आधी विचारतो, साफ करण्याआधी आणि नंतर सेन्सर तोच होता का, आणि त्याच जागी होता का.

हे शहाणपण मला स्वतःच्या चुकीतून आलंय. एका डेअरीत मी पाइपवर बाहेरून सेन्सर टेपने चिकटवले, वर ग्लासवूल गुंडाळलं आणि दोन दिवसांची नोंद घेतली. हिशेब इतका सुंदर आला की मॅनेजरना फोनवरच सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या फिटरने, गेली पंचवीस वर्षं त्याच पाइपांत वावरणाऱ्या माणसाने, शांतपणे विचारलं, "साहेब, हा वायर वाफेच्या लाइनला टेकलाय, चालतंय का?" ग्लासवूलखाली दिसत नव्हतं. मोजला जाणारा प्रत्येक अंश वाफ फुगवून देत होती.

तेव्हापासून माझ्या पिशवीत एक प्लास्टिकची बादली आणि एक चिकटपट्टी असते. काम सुरू करण्याआधी सगळे सेन्सर एकत्र जुडी करून त्या बादलीतल्या पाण्यात बुडवतो, हाताने ढवळतो आणि पाच मिनिटं थांबतो. सगळ्यांनी एकच आकडा दाखवायला हवा. दाखवत नाहीत. कोणी ०.३ वर असतो, कोणी ०.२ खाली. तेवढं प्रत्येकाच्या वायरवर टेप लावून पेनाने लिहून ठेवतो. मग बसवतो, अर्धा दिवस नोंद घेतो, आणि जेवायच्या सुट्टीत आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या लाइनवरचे दोन सेन्सर अदलाबदल करतो. फरक जितका आधी होता तितकाच नंतर आला, तर पुढे जायचं. नाही आला तर त्या फिटरला हाक मारतो.